तीर्थनच्या नाल्यावर फ्लाय फिशिंग आणि कॅम्पिंग: ट्रिप कशी आखायची

हिमाचलात ट्राउट मासा धरायला जायचंय असं कोणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, रॉड (गळाची काठी) कुठला घेऊ. माझं म्हणणं असं की रॉडचं सगळ्यात शेवटी बघा, आधी पाण्याचं बघा, कारण तुमची सुट्टी कधी, तंबू कुठे, बूट कुठले, सकाळी किती वाजता निघायचं, हे सगळं डोंगरातलं पाणी ठरवतं. पाणी गढूळ आणि चढलेलं असेल तर लाखाचा रॉड घेऊन काठावर बसायची वेळ येते. आणि पाणी बरोबर असेल तर साध्या रॉडवरही मासा लागतो.

मी इथे कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्याबद्दल लिहितोय. आपल्या सह्याद्रीत ट्राउट नाही कारण त्याला बारा महिने थंड पाणी लागतं, साधारण १० ते १६ अंशात तो मजेत खातो-पितो, २० च्या वर गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो. आपले ओढे उन्हाळ्यात एकतर आटतात नाहीतर कोमट होतात. तीर्थनला वरच्या बर्फाचं पाणी आहे. मासा मात्र मूळचा तिथलाही नाही, ब्रिटिश काळात १९०९ च्या सुमारास काश्मीरहून ब्राउन ट्राउटची अंडी आणून कुल्लूच्या पाण्यात सोडली आणि तो तिथे रुजला. रेनबो ट्राउट नंतरचा, आणि तो आता खोऱ्यात फार्मवर पण भरपूर पाळतात.

तीर्थनच का, तर या नदीवर धरण नाही. वीजप्रकल्प येणार होते, पण बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी कोर्टात जाऊन लढले आणि ते प्रकल्प रद्द झाले. आज तिथे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण शेजारच्या सैंज नदीवर आणि खाली बियासवर धरणं झाली आणि ती पाणी पार वेगळी झाली.

आता कधी जायचं. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, कारण ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालतो. त्यामुळे सीझन १ मार्चला उघडतो आणि ऑक्टोबरअखेर संपतो. पण या आठ महिन्यांतले सगळे कामाचे नाहीत. माझ्या मते आपल्याकडच्या माणसाने सोपा हिशोब ठेवावा, गुढीपाडवा ते महाराष्ट्र दिन हा पहिला काळ आणि पितृपक्ष ते दिवाळीच्या आधीपर्यंत दुसरा. मेच्या मध्यापासून वरचा बर्फ जोरात वितळायला लागतो, पाणी चढतं आणि दुधाळ होतं, माशाला माशी (फ्लाय, म्हणजे माशीसारखा दिसणारा पिसांचा गळ) दिसत नाही आणि तुम्हाला तळ दिसत नाही. जुलै-ऑगस्टला तर जाऊच नका, मासा राहू द्या बाजूला, रस्ते वाहून जातात. २०२३ च्या जुलैत कुल्लू-मंडीत पुराने काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

मला दोन्हीतला ऑक्टोबर जास्त आवडतो. पाणी कमी आणि काचेसारखं स्वच्छ, आकाश निळंशार, गर्दी कमी. पण स्वच्छ पाण्यात मासाही तुम्हाला लांबून बघतो, त्यामुळे नवशिक्यासाठी एप्रिल बरा, पाण्याला जरा रंग असतो आणि मासा हिवाळ्याचा उपाशी असतो. ऑक्टोबरात अजून एक बघा, दसऱ्याला कुल्लूचा उत्सव सुरू होतो तो आठवडाभर चालतो, त्या दिवसांत बस, टॅक्सी, हॉटेल सगळंच भरलेलं असतं, तर तारखा त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे ठेवा.

सुट्टी किती? दोन वीकेंड धरून नऊ दिवस मिळाले तर उत्तम. पुण्या-मुंबईहून जायला दीड-दोन दिवस, यायला तेवढेच, म्हणजे पाण्यावर चार-पाच दिवस राहतात आणि त्यातला एक दिवस पाऊस खाणार असं आधीच धरून चाला. तीन दिवसांत सगळं उरकायचं ठरवलं की माणूस गढूळ पाण्यातही उतरतो, नको तिथे नदी ओलांडतो, म्हणून सांगतो की मोकळा दिवस हवाच. दिल्लीपर्यंत किंवा चंदीगडपर्यंत विमान नाहीतर ट्रेन, तिथून मनालीची रात्रीची व्हॉल्वो, आणि उतरायचं औटला. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, औटचा बोगदा तीनेक किलोमीटरचा आहे, तो पार झाल्यावर जाग आली तर पंचाईत. बस पहाटे पोचते. औटहून लारजी, मग बंजार, मग तीर्थनकाठचं गुशैणी गाव, तिथेच राहायचं, लोकल बस आहे, सामान जास्त असेल तर टॅक्सी करा. भुंतरला विमानतळ आहे पण हवा बिघडली की फ्लाइट रद्द होते, त्याच्या भरवशावर राहू नका. पैसे बंजारला काढून घ्या, पुढे एटीएमची खात्री नाही. मोबाईलची रेंज गुशैणीपर्यंत बऱ्यापैकी, नाल्यात शिरलं की गेली, त्यामुळे घरी आधीच सांगून ठेवा की दिवसा फोन लागणार नाही.

गुशैणीला तीर्थनला फलाचन नावाचा नाला येऊन मिळतो, बठाड गावाच्या बाजूने येतो. फ्लाय फिशिंग शिकायला मुख्य नदीपेक्षा मला असं छोटं पाणी जास्त योग्य वाटतं. मोठ्या नदीत मासा कुठे असेल हेच नवीन माणसाला कळत नाही, नाल्यात प्रत्येक धोंड्यामागे एक जागा असते आणि ती तुमच्या दहा-पंधरा फुटांवर असते, लांब कास्ट (लाइन फेकणं) यायलाच पाहिजे असं नाही. दुसरं म्हणजे मुख्य नदीच्या रस्त्यालगतच्या डोहांवर रोज कोणी ना कोणी गळ टाकत असतं, नाल्यात अर्धा तास वर चालत गेलात की शांतता.

लायसन्स लागतं. हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून मिळतं, दिवसाप्रमाणे फी असते आणि ती अगदी किरकोळ असते, होमस्टेवाले मदत करतात. त्यावर दिवसाला किती मासे आणि किमान केवढे ठेवता येतील ते लिहिलेलं असतं ते नीट वाचा, आणि लायसन्स खिशात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, गार्ड विचारतो. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत मासेमारी चालत नाही, अजिबात नाही. हा पार्क २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि गुशैणीहून त्याच्या गेटपर्यंत पायी वाट जाते, ती वाट चालायला जरूर जा, रॉड खोलीवर ठेवून. आणि गावात विचारल्याशिवाय कुठल्याही डोहात गळ टाकू नका, कुल्लू-मंडीकडे काही पाणी देवतेचं मानतात, तिथले मासे कोणी धरत नाही. जोगिंदरनगरजवळचं मच्छियाल तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे, तिथे लोक महासीरला खायला घालतात.

आता तंबू. नकाशावर जागा शोधत बसू नका, सोप्यात सोपं म्हणजे एखाद्या होमस्टेच्या शेतात किंवा सफरचंदाच्या बागेच्या कडेला परवानगी घेऊन तंबू लावायचा, जेवण त्यांच्याकडे सांगायचं किंवा चूल-गॅस वापरायची सोय विचारायची. याचं एक व्यवहारी कारण पण आहे, कॅम्पिंगचा गॅस कॅनिस्टर विमानात नेता येत नाही आणि ट्रेनमध्येही गॅस न्यायला बंदी आहे, म्हणजे तो दिल्लीत किंवा मनालीत घ्यावा लागतो आणि तुम्ही तर मनालीच्या अलीकडेच उतरणार.

तंबू नदीच्या पात्रात लावायचा नाही. वाळूची मऊ सपाट जागा बघून मोह होतो पण ती जागा पुरानेच केलेली असते. काठावरच्या झुडपांत काटक्या, प्लास्टिक, सुकलेलं गवत किती उंचीवर अडकलंय ते बघा, पाणी मागच्या वेळी तिथपर्यंत आलं होतं, त्याच्या बरंच वर तंबू हवा आणि वर पळायला मोकळी वाट हवी. वरचा उतार सुटा दगडांचा असेल तर त्याच्या खालीही नको. शौचाला पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खड्डा खणून, वरून माती, आणि टिश्यू पिशवीत परत. भांडी नाल्यात घासू नका, बायोडिग्रेडेबल लिहिलेला साबणसुद्धा नको, खालचं गाव तेच पाणी पितं.

एप्रिलच्या रात्री गुशैणीच्या उंचीवर चांगल्याच गार असतात, आणि आपण पुण्याच्या थंडीचा अंदाज लावून जातो. शून्य ते पाच अंशाची स्लीपिंग बॅग, खाली चांगली मॅट (जमिनीतून जास्त गारठा येतो, बॅग कितीही भारी असू दे), लोकरीची टोपी, कोरडे मोजे फक्त झोपायला वेगळे. रेनकोट कायम बॅगेत. खायला मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि गूळ-दाणे एवढं घरून न्या, दिवसभर पाण्यात उभं राहून भूक प्रचंड लागते आणि दुपारचं जेवण काठावरच होतं. रात्री होमस्टेवाल्यांकडे सिड्डू (आत सारण भरून वाफवलेली गव्हाची रोटी) आणि तूप मिळालं तर सोडू नका.

आता एकदाचं रॉडवर येऊ. फ्लाय फिशिंगमध्ये वजन गळाला नसतं, लाइनला असतं, माशीच्या आकाराचा पिसांचा गळ इतका हलका की तो स्वतः जातच नाही, जाड लाइन त्याला घेऊन जाते. म्हणून साधा स्पिनिंगचा रॉड चालत नाही. तिथले बरेच लोक स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारा धातूचा गळ) वापरतात, भाड्याने मिळणारा रॉड बहुतेक वेळा तोच असतो, तर फ्लाय रॉड पाहिजे असेल तर आधी फोन करून स्पष्ट विचारा. स्वतःचा घेणार असाल तर ४ वेट (रॉड किती वजनाच्या लाइनसाठी आहे तो नंबर), साडेआठ फुटी, चार तुकड्यांत सुटणारा घ्या, नदी आणि नाला दोन्हीकडे चालतो आणि सुटा केल्यावर बॅगेत मावतो. फक्त नाल्यातच राहणार असाल तर ३ वेट साडेसात फुटी सुंदर. रीलवर पैसे घालवू नका, या आकाराच्या माशाला ते फक्त लाइन गुंडाळून ठेवायचं काम करतं, पैसे लाइनवर घाला, वेट फॉरवर्ड फ्लोटिंग लाइन, म्हणजे पुढचा भाग जड असलेली आणि पाण्यावर तरंगणारी, रॉडच्या नंबरचीच. त्याला साडेसात फुटी टेपर्ड लीडर (टोकाकडे बारीक होत जाणारी पारदर्शक दोरी) ४एक्स, आणि पुढे माशी बांधायला ५एक्स टिपेट, ही अजून बारीक दोरी. गळ आणि कात्री चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये सिक्युरिटी काढून घेते.

माश्यांच्या डबीत पन्नास प्रकार लागत नाहीत. पाण्यावर तरंगणाऱ्यांत एल्क हेअर कॅडिस आणि अॅडम्स, पाण्याखालच्यांत फेझंट टेल आणि हेअर्स इअर, गळाचा नंबर १२ ते १६, आणि पाणी जरा गढूळ असेल तर एक-दोन काळे वूली बगर. प्रत्येकाचे चार-पाच नग, कारण झाडात अडकून जातात. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा काय करायचं तर पाण्यातला एक हाताएवढा दगड उचलून उलटा करून बघायचा. खाली चिकटलेले चपटे किडे, शेपटीला दोन किंवा तीन केस असलेले, आणि वाळूच्या कणांची नळी करून राहणारे, हेच ट्राउटचं रोजचं जेवण. रंग आणि आकार बघा आणि डबीतली त्यातल्या त्यात जवळची माशी बांधा, दगड होता तसा परत ठेवा. मला फिशिंगमधला हा भाग जवळपास मासा लागण्याइतकाच आवडतो.

मला स्वतःला नाल्यासाठी सगळ्यात भरवशाची वाटते ती दोन माश्यांची जोडी, वर तरंगणारी कॅडिस आणि तिच्या गळाच्या वाकाला दीडेक फूट टिपेट बांधून खाली फेझंट टेल. वरची माशी अचानक थांबली किंवा बुडाली की खाली काहीतरी झालंय, रॉड उचला, हिसका नको, नुसतं उचलणं पुरतं.

निघायच्या महिनाभर आधी मैदानावर प्रॅक्टिस करा. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, रॉड घड्याळाच्या दहा ते दोनच्या मधेच फिरवा, मागे लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा आणि मग पुढे. सगळ्यांचं बिघडतं ते इथेच, मागे थांबत नाहीत आणि जोर लावतात. पण खरं सांगायचं तर फलाचनवर हा कास्ट फार वेळा करताच येत नाही कारण मागे झाडं असतात. तिथे रोल कास्ट लागतो, ज्यात लाइन मागे जातच नाही, समोर पाण्यावरूनच गुंडाळून पुढे जाते, त्यामुळे तो एखाद्या तळ्याच्या काठावर शिकावा, गवतावर नीट होत नाही. फांद्यांखालच्या जागेसाठी माशी दोन बोटांत धरून रॉड धनुष्यासारखा वाकवायचा आणि सोडायची, हे मात्र गच्चीवरही जमतं. धरताना गळाचं टोक बोटाकडे नको.

ट्राउट तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून उभा असतो कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणजे तुम्ही खालून वर चालत जायचं, त्याच्या पाठीमागून. खळाळत्या पाण्यात धोंड्याच्या पुढे आणि मागे जो संथ तुकडा असतो तिथे तो थांबतो, ताकद खर्च न करता शेजारच्या धारेतून येणारं उचलतो. संथ आणि वेगाचं पाणी जिथे घासतं ती रेघ शोधा, माशी त्या रेघेवर टाका. मधल्या जोराच्या धारेवर लाइन पडली तर ती माशीला ओढत नेते आणि असं ओढलं जाणारं काही ट्राउट घेत नाही, म्हणून रॉड उंच धरून लाइन पाण्याच्या वर ठेवायची, फक्त लीडर पाण्यात. एका जागेवर चार-पाच वेळा टाकून झालं की पुढे चला. आणि डोह दिसला की थेट त्याच्या काठावर जाऊन उभं राहू नका, डोहाच्या शेपटाला उथळ पाण्यात बऱ्याचदा मासा असतो आणि तो पळाला की वरच्या सगळ्यांना कळतं. मळकट हिरवे-तपकिरी कपडे घाला, खाली वाका. पोलराइज्ड गॉगल लागतोच, पाण्यातलं दिसतं आणि गळापासून डोळाही वाचतो.

वेळेचं गणित एप्रिल-मेमध्ये लक्षात ठेवा. पाणी पहाटे सगळ्यात कमी असतं, कारण रात्री वर बर्फ वितळत नाही, आणि दिवसभर वितळलेलं दुपारनंतर तुमच्यापर्यंत पोचतं. म्हणजे सकाळी गुडघ्याएवढ्या पाण्यातून सहज पलीकडे गेलात, संध्याकाळी तिथूनच परत येता येईल असं नाही. जिथे तंबू त्याच काठावर फिशिंग करा, ओलांडायचंच असेल तर पूल आहे तिकडून. मार्चमध्ये भल्या सकाळी उठून उपयोग नाही, ऊन खोऱ्यात उशिरा उतरतं, किडे अकराच्या पुढे उडायला लागतात, तेव्हा निवांत पोहे खाऊन निघा.

वरच्या डोंगरावर पाऊस झाला तर तुमच्याकडे कडक ऊन असतानाही पाणी वाढतं. पाण्याचा रंग बदलला, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, तळाशी दगड गडगडल्याचा आवाज आला, किंवा पाणी एकाएकी कमी झालं (वर दरड कोसळून अडलं असेल), तर लाइन गुंडाळायला थांबू नका, सरळ वर चढा. आणि लारजीच्या खाली बियासच्या पात्रात तर उतरूच नका. २०१४ च्या जूनमध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले, नदीत उतरले तेव्हा पाणी अगदी शांत होतं.

पाण्यात उतरायला महागडे वेडर (बुटांसकट येणारी वॉटरप्रूफ पँट) नकोत, एप्रिलमध्ये पाय बधिर होतात हे खरं, पण लोकरीचे मोजे, लवकर वाळणारी पँट आणि चांगल्या ग्रिपचे जुने ट्रेकिंग बूट पुरतात, तासाभराने बाहेर येऊन उन्हात बसायचं. हातात काठी हवी. मांडीच्या वर पाणी नको. एकट्याने जाऊ नका, दोघांत एक बाहेर राहील असं बघा. काठावर बिच्छू बूटी नावाचं झुडूप असतं, हात लागला की तासभर आग होते, तर बाह्या पूर्ण.

मासा लागल्यावरचं आता, आणि यावर मी आग्रही आहे. गळाचा उलटा काटा घरूनच पक्कडीने दाबून सपाट करून न्या, मासा सोडताना गळ पटकन निघतो आणि तुमच्या बोटात घुसला तरी पटकन निघतो. मासा उचलायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर तो आजारी पडतो. दगडावर ठेवून फोटो नको. जाळीतच, पाण्यातच गळ काढा, फोटोसाठी दोन-तीन सेकंद वर, मग तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः निघून जाईल. खायचा असेल तर खोऱ्यातल्या फार्मचा रेनबो विकत घ्या, ताजा मिळतो, गावाला पैसे मिळतात, आणि नाल्यातला ब्राउन नाल्यात राहतो, हातभर लांब व्हायला त्याला थंड पाण्यात कितीतरी वर्षं लागतात. ऑक्टोबरअखेरीला उथळ खडीत स्वच्छ, फिकट रंगाचा गोल तुकडा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, ती अंडी घालायची जागा असू शकते.

निघायच्या दिवशी तुटलेलं टिपेट, लीडरचे तुकडे सगळे गोळा करून पिशवीत भरा, पक्ष्यांच्या पायात अडकतात. बूट, मोजे आणि जाळी घरी आल्यावर कडकडीत उन्हात पूर्ण वाळवा, दुसऱ्या कुठल्या नदीत नेणार असाल तर नक्कीच, ओल्या बुटांतून एका पाण्याचा रोग आणि शेवाळ दुसऱ्या पाण्यात जातं. लाइन कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून पुसून घ्या आणि रॉड नळीत घालायच्या आधी रात्रभर बाहेर राहू द्या, ओला बंद केला की हँडलच्या कॉर्कला बुरशी येते.